एकच विक्रम सतरा दिवसांत तीनदा कसा मोडतो?

१५ फेब्रुवारी २०२४च्या रात्री अमेरिकेतल्या भाच्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं, "मावशी, क्लार्कनं रेकॉर्ड मोडलं!" मी शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली, म्हणून असल्या बातम्या माझ्याकडेच येतात. २८ फेब्रुवारीला पुन्हा तोच निरोप. ३ मार्चला तिसऱ्यांदा. तेव्हा माझ्या भावानं विचारलं, "हे रेकॉर्ड आहे की दहीहंडी? दर आठवड्याला फुटतंय!"

प्रश्न चेष्टेतला होता, पण रास्त होता. आयोवा विद्यापीठाची गार्ड केटलिन क्लार्क हिनं कॉलेजच्या चार वर्षांत ३,९५१ गुण केले. 'अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण' हा विक्रम तिनं सतरा दिवसांत तीन वेळा मोडला, आणि तरीही एका बाईचा आकडा तिच्या पुढेच राहिला. हे कसं, ते समजायला आधी खेळ, मग कॉलेजचं घड्याळ आणि शेवटी हिशेबाची वही, असं जावं लागतं.

गार्ड म्हणजे राखणदार? आता नाही

बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या पाच जणी एका वेळी कोर्टवर असतात. उंच खेळाडू बास्केटजवळ, आणि तुलनेनं चपळ, चेंडू हाताळण्यात तरबेज अशा दोघी बाहेरच्या बाजूला. या बाहेरच्या दोघी म्हणजे गार्ड. त्यातली जी चेंडू पुढे आणते, कुणी कुठं पळायचं ते ठरवते, ती पॉइंट गार्ड. कबड्डीत चढाईपटू एकटा जातो आणि बाकीचे मागून ओरडतात. इथं पॉइंट गार्ड चढाईही करते आणि ओरडतेही तीच. क्लार्क हे काम करायची. उंची सहा फूट, पाठीवर २२ नंबर.

'गार्ड' हा शब्द मात्र ऐकणाऱ्याची दिशाभूल करतो. त्याचा जुना अर्थ बघायला आयोवातच जावं लागतं, आणि मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो.

आयोवात शाळेच्या मुली कित्येक दशकं वेगळाच बास्केटबॉल खेळायच्या. पाच नव्हे, सहा जणींचा. कोर्टाच्या मधोमध रेषा. एका संघाच्या तीन फॉरवर्ड रेषेच्या एका बाजूला, तीन गार्ड दुसऱ्या बाजूला. रेषा ओलांडायची नाही. शॉट फक्त फॉरवर्डनी मारायचे. गार्डनी फक्त अडवायचं, चेंडू हिसकावायचा आणि रेषेपलीकडच्या मैत्रिणीकडे फेकायचा. ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, दोनदाच. मुलींना जास्त पळवू नये, दमतील, हा एकोणिसाव्या शतकातला विचार त्यामागे होता. अशी कल्पना करा की कबड्डीत चढाई करणाऱ्या आणि पकड करणाऱ्या मुली कायमच्या वेगळ्या ठेवल्यात. त्या खेळातली गार्ड शाळेची सगळी वर्षं खेळून एकही गुण न करता घरी जायची.

नियम बायकांना कमी लेखणारा होता, पण गंमत अशी की खेळ तुफान चालला. गावोगावचे लोक राज्य स्पर्धेला लोटायचे. डेनिस लाँग नावाच्या मुलीनं १९६८च्या राज्य स्पर्धेत एका सामन्यात १११ गुण केले. सहा जणींचा हा प्रकार आयोवात १९९३ साली संपला. क्लार्क २००२ साली आयोवातल्याच डी मॉइन शहरात जन्मली. तिला कॉलेजात शिकवणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये जॅन जेन्सन होत्या. त्यांनी १९८७ साली याच जुन्या खेळात फॉरवर्ड म्हणून सामन्याला सरासरी ६६ गुण केले होते. मुलींचा सामना बघायला जाणं हे आयोवात कुणाला शिकवावं लागलं नाही. आजीच्या काळापासून जात होते.

लांबून मारते म्हणजे काय करते?

साधी बास्केट दोन गुणांची. एका ठरावीक कमानीच्या बाहेरून टाकली तर तीन. आपल्याकडची कबड्डीतली बोनस रेषा आठवा: पुढे जाण्याचा धोका पत्करला की जादा गुण. इथं उलटं, मागे जाण्याचा धोका. महिला कॉलेज सामन्यांत ही रेषा २०२१-२२च्या मोसमापासून ६.७५ मीटरवर आहे. क्लार्क त्याही मागून, कधी कधी कोर्टाच्या मध्यावर रंगवलेल्या चिन्हाजवळून मारायची. चार वर्षांत तिनं असे ५४८ तीन गुणांचे शॉट घातले.

पण या शॉटचा खरा फायदा गुणफलकावर दिसत नाही. क्रिकेटमध्ये फलंदाज षटकार मारायला लागला की कर्णधार क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवतो आणि मग एकेरी-दुहेरी धावा सुटायला लागतात. तसंच. दहा मीटरवरून शॉट येऊ शकतो म्हटल्यावर तिला अडवणारी तिथपर्यंत जाते, मदतीला दुसरीही जाते आणि बास्केटजवळ आयोवाची कुणीतरी मोकळी राहते. क्लार्क तिला चेंडू देते. ज्या पासवरून लगेच बास्केट होते, त्याला असिस्ट म्हणतात. असे तिचे १,१४४.

"म्हणजे सगळं हिच्याच हातात! बाकीच्या काय करत होत्या?" हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला. चेंडू तिच्याकडे फार असायचा, हे खरंच. त्याची किंमतही होती: शेवटच्या मोसमात सामन्याला सरासरी ८.९ असिस्ट, पण ४.७ वेळा चेंडू हातचा गेलाही. धाडसी पास देणाऱ्या गार्डचे हे दोन आकडे एकत्रच वाढतात. पोळ्या जास्त लाटणाऱ्या बाईच्याच जास्त करपतात. स्वार्थी म्हणायला मात्र आकडे साथ देत नाहीत. २०२१-२२ मध्ये सामन्याला सरासरी गुण आणि सरासरी असिस्ट या दोन्हींत ती एकाच मोसमात देशात पहिली आली. वरच्या श्रेणीच्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे आधी कुणाला जमलं नव्हतं.

चार अटेम्प्ट, पाच वर्षांची मुदत

कॉलेजची कारकीर्द ही व्यावसायिक कारकिर्दीसारखी मोकळी नसते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे चटकन कळेल. अमेरिकेत कॉलेज खेळांची मोठी नियामक संस्था आहे एनसीएए. तिचा तेव्हाचा मूळ नियम असा, की पाच वर्षांच्या मुदतीत खेळाडूनं चार मोसम खेळायचे. दुखापतीनं एखादं वर्ष बसून काढलं तर तेवढी सवलत.

मग २०२०-२१ मध्ये कोविड आला. तो मोसम कुणाच्याच मुदतीत धरायचा नाही, असं ठरलं. क्लार्कचं ते नेमकं पहिलं वर्ष. म्हणजे चार मोसम खेळूनही तिच्या खात्यावर एक वर्ष शिल्लक राहिलं. हे वर्ष लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. पुरुष खेळाडू शाळा संपल्यावर वर्षभरानं एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकतात, आणि गुणवान पोरं जातातच. मुलींच्या व्यावसायिक लीगचा, डब्ल्यूएनबीएचा, नियम वेगळा आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीला साधारणपणे त्या वर्षात २२ पूर्ण होत असतील किंवा पदवी मिळणार असेल, तरच दार उघडतं. त्यामुळे उत्तम मुली कॉलेजातच तीन-चार वर्षं थांबतात. लोक त्यांना पहिल्या वर्षापासून ओळखतात, वाढताना बघतात. कोल्हापुरात पेठेच्या तालीम मंडळाचा फुटबॉल संघ जसा घरचा असतो, तसा आयोवात विद्यापीठाचा संघ घरचा. त्या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर कोर्ट टाकून एक सराव सामना ठेवला, तर ५५,६४६ माणसं आली. सराव सामन्याला!

आता वही उघडू

क्लार्कचे मोसमवार गुण असे: ७९९, ८६३, १,०५५ आणि १,२३४. एकूण १३९ सामने, सरासरी २८.४.

१५ फेब्रुवारीला तिनं मिशिगनविरुद्ध ४९ गुण केले आणि केल्सी प्लमचे ३,५२७ मागे टाकले. हा एनसीएएच्या महिला वहीतला विक्रम. पहिला निरोप याचा.

पण एनसीएएनं महिलांची स्पर्धा सुरू केली ती १९८२ साली. त्याआधी मुलींच्या कॉलेज खेळांची वेगळी संघटना होती, एआयएडब्ल्यू. एनसीएएला तेव्हा बायकांच्या खेळात रस नव्हता, म्हणून बायकांनीच ती चालवली. कॅन्ससची लिनेट वुडार्ड १९७७ ते १९८१ या काळात तिथं खेळली आणि ३,६४९ गुण करून गेली. पुढे एनसीएए आली, जुनी संघटना बंद पडली आणि तिची वही नव्या मालकानं आपल्या कपाटात घेतलीच नाही. शाळा दुसऱ्या बोर्डाकडे गेली म्हणून आधीच्या मुलींच्या मार्कलिस्ट रद्द, असा तो प्रकार. वुडार्ड वरच्याच श्रेणीच्या कॉलेजसाठी खेळली होती. तिचा आकडा न धरण्याला खेळातलं काहीही कारण नाही. २८ फेब्रुवारीला मिनेसोटाविरुद्ध क्लार्कनं तो ओलांडला. माझ्या मते खरा महिला विक्रम मोडला तो त्या दिवशी.

३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात तिनं पीट मॅराव्हिचचे ३,६६७ ओलांडले. हा पुरुषांचा विक्रम, १९७०पासून उभा. इतका जुना विक्रम मोडला कशावर, तर फ्री थ्रोवर. प्रतिस्पर्धी खेळाडूला बेशिस्तीचा दंड झाला आणि मध्यंतराला क्षणभर उरलेला असताना क्लार्कला मोकळे दोन शॉट मिळाले. त्या दिवशी प्रेक्षकांत लिनेट वुडार्ड होती आणि लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

आणि जिचा आकडा अजून पुढे आहे ती पर्ल मूर. साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन या लहान कॉलेजची गार्ड, १९७९ साली खेळून बाहेर पडली ती ४,०६१ गुणांवर. लहान कॉलेज म्हणजे खालची श्रेणी, म्हणून ही वही तिसऱ्याच कपाटात. भावाला मी एवढंच लिहिलं: हंडी एक नाही, चार आहेत, चार उंचीवर बांधलेल्या.

"पण तुलनाच चूक आहे ना?"

पुरुषांच्या विक्रमाशी तुलना झाली तेव्हा हा सूर जोरात निघाला, आणि त्यात दम आहे.

मॅराव्हिच फक्त ८३ सामने खेळला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घ्यायचे नाहीत, म्हणून त्याला तीनच मोसम मिळाले. सामन्याला सरासरी ४४.२ गुण! तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती. क्लार्कचे ५४८ लांबचे शॉट दोन गुणांचे धरले, तर ३,९५१चे ३,४०३ होतात.

पण मग दुसरी बाजूही मांडा. मॅराव्हिच सामन्याला सरासरी ३८ शॉट मारायचा, आणि संघाचे प्रशिक्षक होते त्याचे वडील. (कुठल्या संघात एका पोराला ३८ शॉट मारू देतात? बाप प्रशिक्षक असेल तर देतात.) शिवाय रेषाच नसती तर क्लार्कनं इतक्या लांबून शॉट मारलेच नसते, नियम बदलला की खेळाडूही बदलतो. महिलांमधली तुलनाही तशी सरळ नाही. वुडार्ड पुरुषांच्या मापाच्या चेंडूनं खेळली. मुलींना थोडा लहान चेंडू १९८४-८५ पासून मिळाला आणि तीनची रेषा १९८७-८८ पासून. गंमत म्हणजे प्लम, वुडार्ड आणि क्लार्क तिघींचेही सामने १३९च. त्यामुळे या तिघींत निदान 'जास्त सामने खेळली' ही पळवाट नाही.

"लहान चेंडू, म्हणजे सोपा खेळ" असंही कुणी म्हणतं. हात लहान असतो म्हणून चेंडू लहान. बास्केटची उंची दोघांनाही दहा फूटच आहे.

"एवढं करून किताब कुठं जिंकली?"

नाही जिंकली. लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना गाठला आणि दोन्ही हरली: २०२३ मध्ये लुईझियाना स्टेटकडून ८५-१०२, २०२४ मध्ये साउथ कॅरोलायनाकडून ७५-८७. तिचे चाहते हा विषय पटकन बदलतात. मला मात्र या दोन वर्षांत गार्डचं काम सगळ्यात स्पष्ट दिसतं.

२०२३ची उपांत्य लढत. समोर साउथ कॅरोलायना, मोसमात एकही सामना न हरलेली. त्यांची गार्ड रेव्हन जॉन्सन हिच्या हाती चेंडू आला आणि क्लार्कनं तिच्याकडे जाण्याऐवजी हातानं झटकल्यासारखी खूण केली: मार, तुला कुणी अडवत नाही. मागे सरकून तिनं बास्केटजवळची गर्दी वाढवली. डावपेच म्हणून अगदी बरोबर. जी लांबून मारत नाही तिला मोकळं सोडायचं आणि उंच खेळाडूंना घेरायचं. क्लार्कनं ४१ गुण केले, आयोवा ७७-७३ जिंकलं, आणि त्या झटकलेल्या हाताची चित्रफीत देशभर फिरली. जॉन्सनचं खूप हसं झालं.

वर्षानं अंतिम फेरीत तीच जॉन्सन क्लार्कला अडवायला उभी. पहिल्या दहा मिनिटांत क्लार्कनं १८ गुण केले. उरलेल्या तीस मिनिटांत मिळून १२. अडवणारीच्या नावापुढे यासाठी कुठलाही आकडा लागत नाही. जुन्या आयोवातली गार्ड जे करायची आणि ज्याची नोंद कुणी ठेवायचं नाही, तेच हे काम.

किताबाचं एकच उदाहरण जोडते. क्लार्कबरोबर त्याच वर्षी कॉलेजात आलेली दुसरी मोठी गार्ड म्हणजे कनेक्टिकटची पेज बेकर्स. तिचा गुडघा गेला आणि २०२२-२३चा अख्खा मोसम बाकावर गेला. ती पाच वर्षं थांबली आणि २०२५ मध्ये साउथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून किताब घेऊन गेली. तिच्या नावावर क्लार्कएवढे गुण नाहीत. दोघींच्या कारकिर्दी एका तागडीत घालायच्या तर वजनं कुठली वापरणार?

पैशाचं काय?

१ जुलै २०२१ पर्यंत कॉलेज खेळाडूनं शिष्यवृत्ती सोडून खेळाच्या नावावर पैसा घेतला की तो बाद. त्या दिवसापासून स्वतःचं नाव आणि चेहरा विकायची मुभा मिळाली. क्लार्कचं तेव्हा एकच वर्ष झालं होतं. शिकत असतानाच ती नायके, गेटोरेड, स्टेट फार्म अशांच्या जाहिरातींत दिसू लागली. २०२५-२६ पासून तर विद्यापीठं स्वतःही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांना मिळून २ कोटी ५ लाख डॉलर.

व्यावसायिक झाल्यावर तिचा पहिल्या मोसमाचा पगार किती, तर ७६,५३५ डॉलर, म्हणजे साधारण ६० ते ६५ लाख रुपये. बातमी वाचून अनेकांना वाटलं, की कॉलेज सोडून पोरगी खड्ड्यात गेली. तसं नाही. जाहिरातींचे पैसे वेगळे, आणि ते तिच्याबरोबर गेले. पण पगार इतका कमी का, हा प्रश्न उरतो. नव्यानं येणाऱ्या खेळाडूचा पगार लीग आणि खेळाडू संघटना यांच्या कराराच्या तक्त्यातून ठरतो, आणि तो करार झाला होता तिच्यासाठी लोक टीव्हीपुढे बसायच्या आधी. ७ एप्रिल २०२४चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीचा पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. तक्ता जुना, गर्दी नवी.

डब्ल्यूएनबीएतल्या इंडियाना फीव्हर या संघानं १५ एप्रिलला नव्या खेळाडूंच्या निवडीत तिला पहिल्या क्रमांकावर निवडलं. पहिल्याच मोसमात तिनं ३३७ असिस्ट दिले, तोवरच्या लीगच्या इतिहासात एका मोसमात सर्वाधिक. पुढच्या वर्षी दुखापतींनी तिला १३ सामन्यांवर थांबवलं. पण तो कॉलेजबाहेरचा विषय.

ते शिल्लक वर्ष

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, "पर्ल मूरचं रेकॉर्ड का नाही मोडलं मग?"

४,०६१ मधून ३,९५१ वजा करा. ११० गुण आणि वर एक. तिच्या सरासरीनं चार सामने. कॉलेजचा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. कोविडनं दिलेलं वर्ष तिनं वापरलं असतं, तर त्याच महिन्यात कुठल्यातरी साध्या साखळी सामन्यात तिनं तो आकडा ओलांडला असता. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी, वुडार्डला मागे टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनं जाहीर केलं की ते वर्ष ती घेणार नाही.